गाण्याचा उक्ता सौदा

आमच्या उर्दू शाळेत काफिया आणि रदीफ शिकवताना आम्ही नेहमी सिनेमाच्या गाण्यांचा आधार घेतो. पुस्तकातल्या गझलेपेक्षा मुलांच्या तोंडी असलेल्या गाण्यावरून रदीफ लवकर ध्यानात येते. असाच एक तास चालू असताना आम्ही एका जुन्या गाण्याच्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या आणि विचारले, ‘‘ये गाना किसका है?’’ एकाने नायकाचे नाव सांगितले. दुसऱ्याने रफींचे सांगितले. तिसऱ्याने हे गाणे मोबाइलवर पाहिले होते. पडद्याच्या कोपऱ्यात ज्या कंपनीची खूण दिसते, तिचे नाव त्याने घेतले. शायराचे नाव वर्गात एकानेही घेतले नाही. गाणे साहिर लुधियानवींचे होते.

मुलांवर रागावण्यात अर्थ नव्हता. उलट तिसऱ्या मुलाचे उत्तर व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत अचूक होते. गाणे ज्याच्या लेखणीतून उतरले तो एक, आणि गाणे ज्याच्या मालकीचे तो दुसरा, ही गोष्ट आठवीतल्या पोराला कळली होती. आपल्या साहित्यचर्चेला मात्र ती अजून नीटशी कळलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील गायक-गीतकारांनी आपली सगळी गाणी विकल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांतही झळकल्या. बॉब डिलन यांनी २०२० मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, आपल्या सहाशेहून अधिक गाण्यांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीला दिले. किंमत तीस कोटी डॉलरच्या वर असल्याचे सांगितले गेले. पुढच्याच वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी सोनी कंपनीशी सौदा केला. त्याची किंमत पन्नास कोटी डॉलरच्या आसपास छापून आली. या बातम्या वाचून आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले, ‘‘शायर लोकही विकतात तर मग कंपन्यांना दोष का द्यायचा?’’ प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की विकण्यात दोष नाही. दोष आहे तो फळ धरण्याआधी बाग उक्ती देऊन टाकण्यात.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. बहार झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग फिरून पाहतो आणि उक्ती रक्कम ठरवतो. शेतकऱ्याला मुलीचे लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते. तो हो म्हणतो. फळ भरल्यावर बाजार वर गेला तर तो फायदा व्यापाऱ्याचा. या व्यवहारातली जोखीम आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखली होती. फळ पिकण्याची चिन्हे दिसण्याआधी झाडावरचे फळ विकू नये, अशी हदीसमध्ये मनाई आहे. आणि जे हातात नाही, ज्याचे माप ठाऊक नाही, त्याच्या विक्रीतील अनिश्चिततेला फिकहमध्ये ‘गरर’ असा शब्दच आहे. संगीताच्या हलाल-हरामच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. प्रश्न शब्दांच्या मोलाचा आहे. लेखकाचा हक्क ही मालमत्ता होऊ शकते का, ही शंकाही आता जुनी झाली. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत अधिवेशनात लेखकाचे हक्क शरीयतला मान्य आणि रक्षणीय असल्याचा ठराव केलेला आहे.

हा मापदंड लावून पाहिले म्हणजे डिलन आणि आपले शायर यांच्यातील फरक स्पष्ट होतो. डिलन यांनी बाग विकली ती जवळजवळ साठ वर्षांचे उत्पन्न पाहून. कोणत्या झाडाला किती फळ येते, हे त्यांना आणि कंपनीला, दोघांनाही ठाऊक होते. आपल्या शायरांनी विकली ती कलमे. रोप जगेल की नाही, हेही ज्या दिवशी ठाऊक नव्हते त्या दिवशी.

लखनौ, आझमगड, बदायूं, जयपूर, लुधियाना येथून हे शायर मुंबईस आले. मजरूह सुलतानपुरी, शकील बदायुनी, कैफी आझमी, हसरत जयपुरी, राजा मेहदी अली खान, साहिर, जां निसार अख्तर. मुशायऱ्यात दाद मिळे, पण दादेवर खोलीचे भाडे भागत नसे. निर्मात्याच्या कचेरीत चाल ऐकायची, प्रसंग समजून घ्यायचा, गाणे लिहून द्यायचे आणि ठरलेली रक्कम घ्यायची. पुढे नामवंतांना करारानुसार रेकॉर्डच्या विक्रीतला वाटाही मिळू लागला. परंतु तो निर्मात्याने मान्य केला म्हणून मिळे, गीतकाराचा हक्क म्हणून नव्हे. त्या काळी सिनेमा काही आठवडे चालणार आणि रेकॉर्ड काही वर्षे विकली जाणार, एवढेच सर्वांना दिसत होते. कॅसेट, दूरचित्रवाणीच्या शेकडो वाहिन्या, मोबाइलची रिंगटोन, इंटरनेट यांतले काहीच तेव्हा नव्हते. जे नव्हते त्याची किंमत कोण सांगणार? पण विक्री मात्र त्या सगळ्याची झाली.

ही विक्री कायद्याने कशी पक्की केली तेही पाहणे जरूर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये एक तरतूद होती: कोणी मोबदला देऊन चित्रपट करवून घेतला तर, उलट करार नसेल तेव्हा, त्याचा पहिला मालक करवून घेणारा. ही तरतूद गाण्याच्या शब्दांना आणि चालीलाही लागू होते का, हा वाद होता. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी १९६९ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. सार्वजनिक ठिकाणी वाजणाऱ्या गाण्यांवर तिने शुल्क मागितले तेव्हा निर्मात्यांच्या संघटनांनी हरकत घेतली. प्रकरण कॉपीराइट मंडळापुढून कलकत्ता उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये निकाल लागला. निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहून घेतले असेल आणि करारात वेगळे काही नसेल, तर पहिला मालक निर्माता, असे न्यायालयाने म्हटले. येथे पहिला मालक हे शब्द महत्त्वाचे आहेत. गीतकाराने गाणे विकले, असे देखील या निकालानंतर म्हणता येईना. कारण विकायला आधी मालक असावे लागते. जन्मलेले मूल बापाच्या नावावर चढलेच नाही.

त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक टीप जोडली. आपला कायदा गायकाला काहीच देत नाही, याकडे त्यांनी संसदेचे लक्ष वेधले. गायकांचा हा प्रश्न त्याआधीच्या दशकात गाजून गेला होता. रेकॉर्डच्या रॉयल्टीत गायकांचा वाटा असावा, अशी लता मंगेशकरांची भूमिका होती. महंमद रफी यांचे मत वेगळे होते: गाणे गायले, मोबदला मिळाला, आता पुढे मागणे बरोबर नाही. या मतभेदामुळे काही वर्षे दोघांनी एकत्र गायले नाही.

रफीसाहेबांची ही गोष्ट आपल्या समाजात मोठ्या आदराने सांगितली जाते, आणि त्यांच्या दिलदारपणाबद्दल आमच्याही मनात शंका नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही आपली शिकवण. ती मजुरी मिळाली, म्हणून ते समाधानी होते. पण आदर बाजूला ठेवून विचार केला पाहिजे. विहीर खोदणाऱ्याला मजुरी मिळाली की त्याचा संबंध संपतो, हे खरे. गाण्याचे तसे नाही. रफीसाहेब १९८० मध्ये गेले. त्यांचा आवाज आजही रोज कामावर जातो आणि रोज कोणाला तरी कमाई करून देतो. ज्याला ओंजळभर मिळाले आणि जो तृप्त झाला, त्याची तृप्ती हा त्याचा सद्गुण आहे. ती घेणाऱ्याची सनद होऊ शकत नाही. शिवाय रफी हे रफी होते. त्यांच्या उदारपणाचे माप कोरसमध्ये गाणाऱ्याला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याला लावणे हा अन्याय आहे.

आता आम्ही आमच्याच घराकडे वळतो, कारण दोष फक्त निर्मात्यांचा आणि कायद्याचा नाही. आपल्या उर्दू तनकीदने सिनेमाच्या गाण्याला कधी साहित्य मानलेच नाही. ‘फिल्मी शायर’ हा शब्द आपल्याकडे हिणवण्यासाठी वापरला गेला. कैफी आझमींना १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘आवारा सजदे’ या संग्रहासाठी. मजरूहांना १९९३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो सिनेमासाठी. साहित्यवाल्यांनी ग्रंथ पाहिला, सिनेमावाल्यांनी गाणे पाहिले. गाणे हे शायरीच आहे, असे दोघांच्या मधल्या जागेत उभे राहून सांगणारे थोडे. खुद्द शायरांनीही दिवाणातली गझल ती आपली आणि गाणे ही रोजी, अशी वाटणी मनात करून टाकली होती. ज्याला आपण साहित्य मानत नाही त्याची मालकी कोण विचारणार? समीक्षेने ज्याची किंमत शून्य ठरवली ते बाजाराने स्वस्तात उचलले, यात नवल नाही.

या वाटणीला साहिर यांनी मान तुकवली नाही. आपली चित्रपटगीते त्यांनी ‘गाता जाए बंजारा’ या नावाने पुस्तकरूपात आणली; म्हणजे गाणे हे पुस्तकात बसण्याच्या लायकीचे आहे, असे ठासून सांगितले. रेडिओवर गायक-संगीतकाराबरोबर गीतकाराचेही नाव घेतले जावे, हा आग्रह धरणाऱ्यांत ते पुढे होते. नाव हा केवळ मानाचा प्रश्न नाही, हे त्यांनी ओळखले होते. ज्या मालावर नाव नाही त्या मालावर दावा कसा सांगणार? आणि याच साहिरांच्या हस्ताक्षरातली पत्रे, डायऱ्या, कविता आणि छायाचित्रे २०१९ मध्ये जुहूच्या एका भंगाराच्या दुकानात सापडली. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने ती तीन हजार रुपयांना विकत घेतली म्हणून वाचली. गाण्यांवर कंपन्या चालतात आणि गाणे ज्यांत उतरले असेल ती पाने रद्दीच्या भावाने जातात, याहून अधिक काही लिहिण्याची गरज नाही.

हे सारे मुंबईतले, आपल्या खेड्यापाड्यांशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमच्या जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे उदाहरण घ्या. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी गो. ना. जोशी यांनी गायली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती मराठी घराघरांत पोहोचली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या इतिहासात त्या ध्वनिमुद्रिकेचे स्थान मोठे आहे. त्याच नावाचा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ मध्ये. गाणे पुस्तकाच्या वीस वर्षे पुढे चालत होते. ती वीस वर्षे किती जणांनी ते गुणगुणले असेल आणि त्यांतल्या किती जणांना मेहकरचा कवी ठाऊक असेल? पुढे १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे आमच्या जिल्ह्याचे भाग्य. प्रत्येक कवीला एवढे आयुष्य आणि एवढा न्याय मिळत नाही.

दुसरे टोक शाहीर अमर शेख यांचे. बार्शीचा हा महेबूब पटेल गिरणी कामगारांच्या सभेत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गायला तो कागद करून नव्हे. त्यांनी गाणे लोकांना दिले, आणि आपण देत आहोत हे जाणून दिले. दान आणि फसगत यांत हाच फरक असतो. देणाऱ्याला काय देत आहोत हे ठाऊक असले की ते दान.

आता आमच्या ओळखीच्या एका कव्वालांची गोष्ट. नाव देत नाही. चिखली तालुक्यातले हे बुजुर्ग होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानी बाबांच्या यात्रेत वर्षानुवर्षे गातात. त्यांच्या मनकबतीत दखनीही असते आणि वऱ्हाडीही. त्या मिसळीत जी गोडी आहे ती छापील शायरीत आम्हांला क्वचितच सापडली. १९९९ मध्ये एका मोठ्या शहरातल्या कॅसेट कंपनीने त्यांना बोलावले. एका रात्रीत आठ कलाम ध्वनिमुद्रित झाले. सकाळी पाच हजार रुपये हाती आले, वीस कॅसेटी भेट मिळाल्या आणि एका कागदावर सही झाली. त्यांतली एक मनकबत यात्रेतल्या प्रत्येक दुकानावर वाजली. लहानपणी आम्हीही ती तेथेच ऐकली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाने आजोबांना अंगणात बसवून तीच मनकबत मोबाइलवर नव्याने मुद्रित केली आणि यूट्यूबवर चढवली. काही दिवसांत हक्कभंगाची तक्रार आली आणि ती उतरवली गेली. स्वतःचे शब्द, स्वतःची चाल, स्वतःचा गळा आणि स्वतःचे अंगण, तरीही.

आम्ही विचारले, ‘‘चाचा, कागज पे क्या लिखा था?’’ ते म्हणाले, ‘‘मास्टरसाब, कागज अंग्रेजी में था. और उस वक्त तो बस कॅसेटच होती थी.’’ कागदाची प्रत त्यांच्यापाशी नाही.

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला आहे. गंमत अशी की १९९९ मध्येही कायदा इतका आंधळा नव्हता. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीनिशी हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते, ही तरतूद तेव्हाही होती. म्हणजे त्या कागदावर मुदत नसेल तर चाचांची मनकबत २००४ मध्येच त्यांच्याकडे परत आली असली पाहिजे. असेल तर नाही. पण हे सांगणार कोण? कागद कंपनीच्या कपाटात आहे.

आणखी एक गोष्ट आपण समजून घेतली पाहिजे. एका गाण्यात किमान तीन मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि त्यांचे ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रण विकले म्हणजे शब्द विकले असे आपोआप होत नाही. अमेरिकेतील टेलर स्विफ्ट या गायिकेच्या पहिल्या सहा संचांची मूळ ध्वनिमुद्रणे २०१९ मध्ये तिच्या मनाविरुद्ध दुसऱ्याला विकली गेली. शब्द तिचे होते. तिने त्यांतले चार संच पुन्हा गाऊन बाजारात आणले, आणि २०२५ मध्ये मूळ मुद्रणेही विकत घेतली. तिच्यापाशी पैसा होता, वकील होते, हे खरे. पण त्याआधी तिला आपण काय विकले आणि काय विकले नाही, हे ठाऊक होते. अंगणात बसून गाणाऱ्या चाचांनी नेमके हेच केले होते, फक्त त्यांना ते सिद्ध करता आले नाही.

आपल्या देशात खरा बदल झाला तो २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी जोर लावला. जां निसार अख्तर यांचा हा मुलगा. बापाच्या पिढीने काय गमावले, हे त्यांनी घरातच पाहिले असणार. या दुरुस्तीने तीन गोष्टी केल्या. गीतकार आणि संगीतकार हक्क विकू शकतात, पण रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांना विकताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्कसंस्थेला देता येतो. सिनेमागृहात चित्रपटाबरोबर वाजणारे गाणे तेवढे यातून वगळले आहे. दुसरे, सिनेमाबाहेरच्या ध्वनिमुद्रणालाही, म्हणजे चाचांच्या कव्वालीसारख्या रचनांनाही, हाच नियम लावला. तिसरे, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. गायकांनाही कलावंत म्हणून रॉयल्टीचा हक्क मिळाला. न पिकलेले फळ विकू नये, हा जुना दंडक संसदेने आपल्या भाषेत लिहिला, असे आम्हांला वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो. निम्मा वाटा विकण्याची मनाई करून सरकार कलावंताला अज्ञानी ठरवते; त्याची वस्तू त्याने विकावी की ठेवावी, हे सांगणारे सरकार कोण? आक्षेपात तथ्य आहे, पण तो दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात तेव्हा. डिलन यांना अशा आधाराची गरज नसेल. एका रात्रीत आठ कलाम गाऊन सकाळच्या एस.टी.ने परतणाऱ्याला आहे. निम्मा वाटा विकताच येत नाही असे कायद्याने सांगितले म्हणूनच ‘नाही’ म्हणण्याची लाज त्याच्या माथी येत नाही.

पण कायदा हा नाव नोंदवलेल्यांचा असतो. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत ज्याचे नाव नाही, ज्याच्या रचनेची नोंद नाही, त्याचा वाटा त्याच्या दारी कसा यावा? म्हणून आम्हांला वाटते की हे काम अखेर आपल्यासारख्या शिक्षकांचे, संपादकांचे आणि समीक्षकांचे आहे. यात आम्ही स्वतःही दोषी आहोत. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत आम्ही दरवर्षी सिनेमाचे नाव छापत आलो, नाच करणाऱ्या मुलींची नावे छापत आलो. गीतकाराचे नाव कधी छापले नाही. समीक्षेनेही आता चित्रपटगीत, कव्वाली, मनकबत यांच्याकडे शायरी म्हणून पाहावे, त्यांची आवडनिवड गंभीरपणे मांडावी. चाचांची मनकबत कोणी समीक्षकाने वीस वर्षांपूर्वी त्यांच्या नावानिशी एखाद्या अंकात छापली असती, तर आज तोच अंक त्यांचा पुरावा झाला असता.

यंदाच्या यात्रेआधी चाचा पुन्हा आमच्याकडे आले. एका नव्या कंपनीचा कागद त्यांच्या पिशवीत होता, याही वेळी इंग्रजीच. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून तो ओळीओळीने वाचला. मुदत किती, कोणकोणती माध्यमे, आणि शब्दांचा वाटा वेगळा लिहिला आहे की नाही, एवढे तीन प्रश्न पेन्सिलीने कागदाच्या कडेला लिहिले. चाचांनी सही केली नाही. उत्तरे आल्यावर पाहू म्हणाले. आम्ही मात्र एक गोष्ट त्याच दिवशी केली. शाळेसमोरच्या दुकानात जाऊन त्या कागदाच्या दोन झेरॉक्स प्रती काढल्या. एक चाचांकडे आहे, एक आमच्या कपाटात.